डिप, पाच वाजता नेणार

आमच्या घरात ओव्हन नाही, ही गोष्ट एकसष्ट वर्षांत मला एकदाही बोचली नव्हती. तोवर माझं बरं चाललं होतं. सकाळी कलमांना पाणी, मग पेपर, मग पेपरावरून शेजारच्या महिपतशी भांडण, दुपारी मासळीचं जेवण आणि झोप. निवृत्त माणसाने ह्याहून जास्त मागू नये. मी मागितलं, म्हणून आज हे लिहायची वेळ आली.

झालं असं, की सोमवारी संध्याकाळी मी पडवीत बसलो होतो आणि आमची सून मनस्वी आत फोनवर बोलत होती. मी मुद्दाम ऐकत नव्हतो. पण पडवी आणि ती खोली ह्यांच्यामध्ये एक खिडकी आहे आणि ती उघडी होती, त्याला मी काय करणार? मनस्वी मूळ पुण्याची. आमचा सर्वेश जयगडला बंदरावर नोकरीला, म्हणून लग्नानंतर ती रत्नागिरीत आली आणि गेलं वर्षभर माडीवर बसून लॅपटॉपवर पुण्याचीच नोकरी करते. ती मैत्रिणीला सांगत होती, "इथे सगळं छान आहे गं, माणसंपण छान आहेत. पण आपलं ते गरम डिप नाही ना. चौघी एका भांड्याभोवती बसायचो, ते फार मिस करते." मग जरा थांबून, हळू आवाजात, "बदलीचं बघते कसं ते. तुम्ही तिघी शनिवारी या तर खरं."

बदली हा शब्द मी सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसून तेहतीस वर्षं ऐकलाय. तो मोठ्याने बोलला तर नुसती धमकी असते. हळू आवाजात बोलला की समजावं, कागद वर गेलाय. म्हणजे सर्वेश पुण्याच्या ऑफिसात बदली मागणार, म्हणजे दोघंही जाणार, आणि मग ह्या घरात मी, बकुळा आणि फ्रिजचा आवाज. खोटं कशाला सांगू, ती पोरगी आल्यापासून घरात कोणीतरी हसतं.

मी तिथल्या तिथे ठरवलं, शनिवारी डिप करायचं. पाणी नाही म्हणून माणसं गाव सोडतात, रोजगार नाही म्हणून सोडतात, ते समजू शकतो. पण डिप नाही म्हणून? आणि तेही मी जिवंत असताना?

मोबाइलवर बघून मी कृती उतरवून घेतली. चीज, क्रीम चीज, लसूण, वरून काहीतरी कुरकुरीत आणि ओव्हनमध्ये वीस मिनिटं. मग त्यातली बाई पावाचा तुकडा बुडवते आणि डोळे मिटते. एवढंच. मी आमच्या हिला, बकुळाला, सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, की चौघींनी एकाच भांड्यात बुडवायचं, तर एकदा चावलेला तुकडा परत त्यातच बुडवायचा का? मी म्हटलं, तशीच रीत आहे.

"म्हणजे उष्टं," बकुळा म्हणाली.

आता इथे थोडं सांगायला हवं. उष्ट्याच्या बाबतीत आमची ही म्हणजे न्यायालय आहे. चौतीस वर्षांच्या संसारात तिने मला तिच्या कपातला चहाचा एक घोट दिलेला नाही. एकदा मी तापाने फणफणलो असताना तिच्या ताटातला भाताचा घास मागितला, तर उठून स्वतंत्र ताट वाढून आणलंन. प्रेम आहे, पण वेगळ्या वाटीत. तेव्हा तिने एवढीच अट घातली, की करायचं ते करा, पण मी प्रत्येकीला पळीने वेगळं वाढणार.

मंगळवारी सकाळी महिपत कुंपणाशी आला. महिपतला सगळ्या गोष्टींतलं सगळं कळतं, आणि जे कळत नाही त्यात तो जास्त ठाम असतो. मी म्हटलं, शनिवारी गरम डिप करतोय. तो म्हणाला, "गुरू, दीप गरमच असतो रे. थंड दीप कधी बघितलायस? कुठल्या देवळात लावतोयस?" मी 'डिप, डिप' असं दोनदा फोड करून सांगितलं. मग त्याने कृती ऐकली आणि तिच्यातल्या प्रत्येक ओळीवर शेरा मारला. क्रीम चीज म्हणजे पुढे गेलेला चक्काच, तेव्हा दही टांगावं. पालकबिलक घालू नये, पाणी सुटतं. वरून कुरकुरीत म्हणजे ओले काजू, ऐन हंगाम आहे. त्याचं म्हणणं मला पटलं, हीच माझी पहिली चूक. दुसरी चूक म्हणजे मी त्याचा ओव्हन मागितला.

त्याच्या मुलीने मुंबईहून पाठवलेला ओव्हन महिपतकडे तीन वर्षं पडून होता. पडून म्हणजे वापरात होता. त्यात तो आमसुलं ठेवायचा. आम्ही दोघांनी आमसुलं काढली, ओव्हन उचलून आमच्या स्वयंपाकघरात आणला आणि पिन लावायला गेलो तर ती आमच्या भोकात शिरेना. मोठ्या पिनेचा होता. महिपत म्हणाला, वायरी काढून थेट जोडू. जोडल्या. ओव्हनमध्ये लाल दिवा लागला, आमसुलांचा आंबट वास सुटला, आणि पुढच्या क्षणी आमची, महिपतची आणि पलीकडच्या दोन घरांची अशी चार घरांची लाईट गेली. माडीवर मनस्वी तिच्या मोठ्या साहेबांना काहीतरी समजावून सांगत होती, ते अर्ध्यात तुटलं. ती खाली आली तेव्हा मी ओव्हनवर टॉवेल टाकला आणि महिपत त्या टॉवेलवर टेकून उभा राहिला. बिचारी नुसती म्हणाली, "बाबा, तुमच्याशी जरा बोलायचं होतं." मी म्हटलं, शनिवारनंतर बोलू, आत्ता फार गडबडीत आहे.

वायरमन आला, जोडणी बघून त्याने कपाळाला हात लावला आणि सांगितलं, की असलं यंत्र चालवायचं तर मंजूर भार वाढवून घ्या, अर्ज करा. अर्ज म्हटल्यावर मला अंगात बळ आलं. ज्याची हयात कागदात गेली, त्याला अर्जाची कसली भीती? बुधवारी मी वीज कार्यालयात गेलो. नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक, सगळं सुवाच्य अक्षरात. 'वाढीव भाराचे प्रयोजन' ह्या रकान्यात मी नेमका शब्द लिहिला: डिप.

खिडकीतल्या माणसाने तो वाचला आणि आपुलकीने मान हलवली. त्याने विचारलं, खोली किती? मला वाटलं, भांड्याची विचारतोय. म्हटलं, दोन इंच. तो म्हणाला, ते पाइपचं झालं. मग विचारतो, पाणी लागलं का? मी म्हटलं, लागू नये म्हणूनच पालक घालत नाही आहोत. शेवटी त्याने 'डिप'पुढे कंसात 'खोल विहीर' असं लिहून अर्ज शेतीपंपाच्या गठ्ठ्यात ठेवला आणि गुरुवारी सातबारा घेऊन या म्हणाला. मी गुरुवारी सातबारा घेऊन गेलो. का गेलो, हे आज मला सांगता येत नाही. कोणी कागद मागितला की मी देतो, सवय आहे.

शुक्रवार उजाडला तरी ओव्हनचं नाव नाही. घरभर लसणाचा वास, मोरीवर टांगलेला चक्का ठिबकतोय, ओले काजू सोलून माझी बोटं चिकाने काळी झालेली आणि कातडी निघालेली. मी पायरीवर डोकं धरून बसलो. तेव्हा बकुळालाच दया आली. ती म्हणाली, की लहानपणी आम्ही नानकटाईचं पीठ मळून ताटात थापायचो आणि बेकरीत नेऊन द्यायचो, भट्टीत भाजून मिळायची. तुमचं ते एक ताट बाबूच्या बेकरीत ठेवायला काय हरकत आहे? चार दिवस हे कुठे होतं, असं मी विचारलं नाही. बायकोने वेळेवर न सांगितलेली गोष्टसुद्धा निमूट ऐकायची असते.

शनिवारी दुपारी तीन वाजता मी डिप ताटात पसरलं, काजू लावले, वर फडकं बांधलं आणि त्यावर चिठ्ठी टाचली. चिठ्ठी हा माझा नियम आहे. तोंडी सांगितलेलं माणूस विसरतो, कागद विसरत नाही. मी चिठ्ठीवर लिहिलं: 'डिप. पाच वाजता नेणार.' खाली सही, तारीख, वेळ. बेकरीत बाबू गडबडीत होता, पालीला एका लग्नाच्या केकची डिलिव्हरी घेऊन निघालेला. भट्टीवरच्या हौसाकडे द्या म्हणाला आणि टेम्पोत चढला. हौसाने विचारलं, "काय वो ह्याचं करायचं?" मी चिठ्ठीवर बोट ठेवलं. लेखी दिल्यावर तोंडी कशाला बोला? तिने चिठ्ठी वाचली, मान डोलावली, मी घरी आलो.

साडेचारला मनस्वीला फोन आला, मैत्रिणी पालीला चहा घेतायत. मी धुतलेला सदरा घातला. पाच वाजता बेकरीत गेलो. हौसाने हसतमुखाने ताट आणून माझ्या हातात दिलं आणि हाताला असा चटका बसला, की क्षणभर मला आनंद झाला. मग कळलं, की चटका गार आहे. फडक्यावर बर्फ जमला होता.

"हौसा, हे काय केलंस?"

"डीपला ठेवलं," हौसा म्हणाली. "तुमीच लिवलंत नाय का? डीप, पाच वाजता नेणार म्हणून. मी आइस्क्रीम काढून जागा केली वो तुमच्यासाठी."

तिचं काय चुकलं? आमच्याकडे बर्फ धरणाऱ्या त्या पेटीला सगळे डीपच म्हणतात. मीसुद्धा म्हणतो. पावसाळ्याआधी कोळणीकडून कोळंबी घेतो तेव्हा रोज बकुळाला सांगतो, डीपला टाक. तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या टिपणातल्या संदिग्ध शब्दांखाली लाल रेघ मारणारा मी, आणि माझ्याच चिठ्ठीने माझा घात केला. भट्टीत ठेव आता, म्हटलं, तर भट्टी दुपारी चारलाच विझवलेली. मी ताट उराशी धरून रिक्षात बसलो. सदरा छातीपाशी ओला झाला. रिक्षावाल्याने विचारलं, सुरमई का? मी हो म्हटलं.

घरी पोचतो तो मनस्वी दारात. "बाबा, हातखंब्याला आल्या त्या." म्हणजे अर्धा तास. ती तोंड धुवायला वर गेली आणि मी मागल्या दारी जाऊन बकुळापुढे ताट ठेवलं. ते ठक्क वाजलं. मी म्हटलं, बकुळा, मी संपलो. पोरीला धरून ठेवायचं म्हणून एक गोष्ट करायला घेतली, तीही मला करता येत नाही. आता ती जाणार. हे मी पहिल्यांदाच मोठ्याने बोललो.

बकुळाने कोयती घेतली आणि तिच्या बोथट बाजूने त्या दगडाचे चार तुकडे केलन. मग विळी मांडून बसली आणि नारळ खवावा तसा एकेक तुकडा भराभर खवून काढला. बर्फाचा तो भुगा तिने जाड बुडाच्या पातेल्यात भरला. आंघोळीच्या पाण्याची चूल दुपारचीच धुमसत होती, तिच्यातले निखारे पुढे ओढले, त्यावर पातेलं ठेवलं, वर झाकण घातलं आणि झाकणावर चिमट्याने उरलेले निखारे रचले. मी बघतच राहिलो. तवसळी अशीच करतात की. खाली निखारे, वर निखारे, मध्ये काकडीचं गोड पीठ. माझी आई असंच करायची आणि बकुळाने तिच्याकडूनच घेतलंन. आमच्या घरात ओव्हन होता. पाच दिवस मी त्याच्यावर तापलेल्या पाण्याने आंघोळ करत होतो.

"मग आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुम्ही ओव्हन ओव्हन म्हणत होतात. मला वाटलं, तो काहीतरी वेगळा असतो."

महिपत वासावर आला आणि त्याने सुपाने वारा घालायला सुरुवात केली. नको म्हणेपर्यंत राख उडून माझ्या चेहऱ्यावर, ओल्या सदऱ्यावर आणि थोडी झाकणाच्या फटीतून आत गेली. नेमक्या तेव्हा मनस्वी मैत्रिणींना परसू दाखवायला मागे घेऊन आली. तिघींनी वाकून नमस्कार केला. मला त्यांचे चेहरे दिसले नाहीत, डोळ्यांत धूर होता. मी आशीर्वाद महिपतला दिला.

बकुळाने झाकण काढलं. कडेने करपलं होतं, मध्ये सोन्यासारखं आणि सगळीकडे रटरटत होतं. मी पाव आणायचा विसरलो होतो, म्हणून तिने फणसाचे तळलेले गरे आणि पोह्याचे पापड काढले. पाच वाट्या मांडल्या, पळी उचलली. तेवढ्यात त्यांच्यातली एक, वेदिका, खाली बसली, पातेलं मध्ये ओढून घेतलंन आणि गरा बुडवला. चावला. परत बुडवला. मी बकुळाच्या तोंडाकडे बघितलं. मनस्वीने आपला गरा बुडवला, अर्धा खाल्ला आणि उरलेला अर्धा पुन्हा बुडवून, सरळ बकुळाच्या तोंडासमोर धरला. "आई, घ्या ना."

आमच्या हिने तोंड उघडलं आणि खाल्लं. चौतीस वर्षं मी एका घोटाची वाट बघतोय आणि ही पोरगी वर्षभरात जिंकली. मग बकुळा पळी बाजूला ठेवून त्यांच्यात बसलीच. पाच जणी एका पातेल्याभोवती, बोटं चाटत, हसत. मला वाटलं, झालं. जिंकलो. आता कसली बदली.

मी असं म्हणतोय तोवर वेदिकाने विचारलं, "मनू, सांगितलंस का घरी?"

सगळ्यांचे हात थांबले. मनस्वी माझ्याकडे वळली. डोळे भरलेले. म्हणाली, बदली मंजूर झाली बाबा, गेल्या शुक्रवारीच, एक तारखेला जायचं. सर्वेशला तुमच्यासमोर बोलायचा धीर होईना, म्हणून मीच सांगणार होते. ह्या तिघी त्याच्यासाठीच आल्यात, मला सोबत म्हणून. "रोज सांगायला खाली यायचे. पण तुम्ही दही टांगताय, काजू सोलताय. कोणासाठी चाललंय ते कळत होतं हो. मग कसं सांगू?"

मी म्हटलं, बरं झालं. मी म्हटलं, पुण्याला संधी असते. माणूस काय काय म्हणतो. मग मी उठून नळाखाली तोंड धुतलं, कारण राख लागली होती.

एवढ्यावर भागतं, तर निदान बकुळा आणि फ्रिजचा आवाज तरी उरला असता. पण मनस्वी बकुळाचा हात धरून म्हणाली, आई, नवीन घर लावायला तुम्ही या, महिनाभर तरी, मला हे असं निखाऱ्यावरचं शिकायचंय. माझी खात्री होती, बकुळा नाही म्हणणार. ती हातखंब्याच्या पलीकडे लग्नकार्याशिवाय गेलेली नाही. बकुळा म्हणाली, "येते की." मी विचारलं, आणि मी? तर म्हणे, कलमं मोहरलीत, पाणी कोण घालणार.

एक तारखेला सकाळी गाडी भरली. वीज कार्यालयाचा माणूस त्याच वेळी फाटकाशी आला. अर्ज मंजूर झाला होता. त्याला विहीर बघायची होती. मी त्याला महिपतच्या स्वाधीन केला. महिपतकडे विहीर नाही, पण दाखवील.

पातेलं बकुळाने मनस्वीसाठी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं होतं, माझ्या आईचं, तवसळीचं. मी चिठ्ठी लिहिली आणि टाचली. ह्या वेळी नीट, संदिग्ध काही राहू नये म्हणून विचार करून: 'हे भांडे गरम करण्यासाठी आहे. परत येणार.' सही केली. तारीख आणि वेळ टाकायला पेन टेकवलं आणि तसंच उचललं. बकुळाने गाडीत बसता बसता चिठ्ठी वाचली आणि विचारलं, वेळ का नाही घातलीत?

मी म्हटलं, लेखी दिलंय ना, मग तोंडी कशाला. तिने हातातला चहाचा कप माझ्या हातात दिला. अर्धा होता. गाडी वळणापलीकडे गेल्यावर मी तो उभ्या उभ्या प्यालो. गार झाला होता.